‘द ब्लॅक परेड’ला खरंच एवढं डोक्यावर घ्यायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही पिंक फ्लॉइड, लेड झेपलिन, क्वीन ऐकत मोठे झालात. तुमचा धाकटा मेहुणा ‘माय केमिकल रोमान्स’ या अमेरिकन रॉक बँडचा कट्टर चाहता आहे आणि त्यांचा २००६चा ‘द ब्लॅक परेड’ हा अल्बम पिंक फ्लॉइडच्या ‘द वॉल’च्या पंगतीला बसवावा असं त्याचं म्हणणं आहे. तुम्हाला ते डोळ्यांत काजळ घातलेल्या पोरांचं रडगाणं वाटतं. आता मोठी मासिकंही त्याचे गोडवे गायला लागल्यावर तुम्हाला शंका आलीय की हे कौतुक संगीताचं आहे, की तेव्हाची शाळकरी पोरं आज संपादकांच्या खुर्चीत बसलीत म्हणून चाललंय?

उत्तर आधी देऊन टाकतो. तो अल्बम गंभीर कौतुकाला पात्र आहे. बँडची अख्खी कारकीर्द नाही, आणि इमो (पंकमधून निघालेला, मनातलं ओरडून सांगणारा रॉकचा प्रकार) या नावाखाली विकला गेलेला सगळा माल तर नाहीच नाही. मेहुण्याची बाजू बरोबर आहे, पण तो जी कारणं देत असेल त्यातली बहुतेक कामाची नाहीत. मी स्टुडिओत लोकांची गाणी रेकॉर्ड करतो आणि गिटार शिकवतो, त्यामुळे ‘हे बांधलंय कसं’ इकडे माझा कान आधी जातो. उत्तरही त्याच अंगाने देतो.

‘या बँडने माझा जीव वाचवला’ असं चाहते फार वेळा म्हणतात. मला ते खोटं वाटत नाही. पण जीव कशानेही वाचतो, अगदी सुमार गाण्यानेही. ती साक्ष झाली, समीक्षा नव्हे. खपाचंही तेच. अल्बम आला तेव्हा अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या क्रमांकावर गेला, पहिल्या क्रमांकावर ‘हॅना मोंटाना’ या टीव्ही मालिकेची गाणी होती. यावरून कुणाच्याच बाजूने काही सिद्ध होत नाही. आठवणींचा बाजार हा भाग मात्र तुम्ही बरोबर ओळखलात. २०२२मध्ये लास व्हेगासला त्या काळच्या बँड्सचा मोठा मेळा भरला आणि त्यात हेच लोक सगळ्यांत वर होते. २०२५मध्ये त्यांनी ‘द ब्लॅक परेड’ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवत अमेरिकेतली मोठाली स्टेडियम्स घेतली. तिशी-पस्तिशीतली माणसं नोकरी सांभाळून, काळे कपडे पुन्हा शोधून काढून तिथे गेली. त्या गर्दीत भावनेचा वाटा मोठा होता हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण एक गैरसमज दोन्ही बाजूंनी पोसलाय, तो दूर करायला हवा. चाहते सांगतात, ‘तेव्हा समीक्षकांनी यांना तुडवलं आणि आता त्यांना उपरती झाली.’ प्रत्यक्षात २००६ची परीक्षणं बऱ्यापैकी चांगली होती. ‘रोलिंग स्टोन’ने चांगलं म्हटलं, ब्रिटनमधल्या ‘एनएमई’ने तर भरभरून म्हटलं. अडचण वेगळीच होती. परीक्षण चांगलं यायचं, पण ते ‘या प्रकारातलं उत्तम’ अशा सुरात. शाळकरी मुलांसाठी छान आहे बुवा, असं. ग्रॅमीने या अल्बमला एक नामांकन दिलं, तेही खास आवृत्तीच्या वेष्टनासाठी. खोका चांगला आहे, आत काय आहे ते राहू द्या! ‘रोलिंग स्टोन’च्या सर्वकालीन ५०० अल्बमांच्या यादीत तो आला २०२०मध्ये, आणि तोही साडेतीनशेच्या पुढे. म्हणजे तुम्हाला वाटतं तेवढं अजूनही कुणी डोक्यावर घेतलेलं नाही.

ही दुय्यम वागणूक का मिळाली, त्याला थोडा इतिहास आहे. इमो हा प्रकार निघाला वॉशिंग्टन डीसीतल्या हार्डकोर पंकमधून, १९८५च्या आसपास. ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’सारखे बँड त्याच वेगात आणि त्याच आवाजात, पण राजकारणाऐवजी स्वतःच्या आतलं ओरडून सांगायला लागले. पुढे १९९४मध्ये सिॲटलच्या ‘सनी डे रिअल इस्टेट’चा ‘डायरी’ आला, मग मिडवेस्टमधल्या कॉलेजांच्या गावांतून असे बँड निघत राहिले. तोवर हे सगळं छोट्या हॉलमधलं, तळघरांतलं प्रकरण होतं, आणि जाणकारांना त्याबद्दल आदर होता. २००१नंतर त्याला चांगल्या चाली, मोठ्या कंपन्या आणि एमटीव्ही मिळाले, आणि जुने लोक तोंड फिरवून बसले. त्यात ऐकणाऱ्यांचं वय पंधरा आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त मुली. ज्या संगीतासाठी मुली किंचाळतात ते संगीत हलकं, हा रॉकच्या समीक्षेतला जुना आजार आहे. बीटल्सनाही सुरुवातीला तो भोगावा लागला.

तिरस्कारही साधा नव्हता. ऑगस्ट २००६मध्ये इंग्लंडच्या रेडिंग महोत्सवात यांना स्लेयर या मेटल बँडनंतर मंचावर चढवलं. स्लेयरच्या श्रोत्यांनी बाटल्यांचा वर्षाव केला. २००८मध्ये एका शाळकरी मुलीच्या आत्महत्येनंतर ‘डेली मेल’ने इमोला मृत्यूचा पंथ ठरवून टाकलं, त्यावर ३१ मे रोजी चाहत्यांनी लंडनमध्ये त्या वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेर निदर्शनं केली. आपल्याकडेही चित्र फार वेगळं नव्हतं. २००७च्या सुमारास पुण्या-मुंबईच्या कॉलेजांतले जे बँड स्टुडिओत यायचे ते मेटलवाले, आणि त्यांच्यात ‘इमो’ ही सरळसरळ शिवी होती. खुद्द गायक जेरार्ड वे यानेही हा शिक्का कधी मान्य केला नाही, आणि ते सोयीपुरतं नव्हतं. त्याने ज्यांचं घेतलंय ते बोवी, क्वीन, फ्लॉइड, मिसफिट्स, आणि शिवाय कॉमिक्स. न्यूयॉर्कच्या स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्समध्ये शिकलेला माणूस. पुढे त्याच्या ‘अम्ब्रेला ॲकॅडमी’ला कॉमिक्समधलं मानाचं आइस्नर पारितोषिक मिळालं.

आता मुद्द्याकडे येतो. ‘वेलकम टु द ब्लॅक परेड’ हे गाणं घ्या. तुम्ही ते एकदा ऐकून सोडून दिलेलं असणार. चांगल्या हेडफोनवर पुन्हा लावा.

सुरुवातीला पियानोवर एकच सूर येतो: जी, आपल्या पेटीवर पांढरी पाच. मागे काही नाही. तो एक सूर ऐकून आज हजारो माणसं ओरडतात, याची इंटरनेटवर भरपूर चेष्टाही झाली आहे. पण त्यात कारागिरी आहे. वरचा सूर वाजत राहतो आणि खालचा खर्ज एकेक पायरी उतरत जातो. ही उतरंड पाश्चात्त्य संगीतात शेकडो वर्षं वापरात आहे, त्यात नवं काही नाही. नवं आहे ते ती कशाच्या मागे ठेवलीय ते. मरणाला टेकलेला एक रुग्ण आहे. जेरार्डची मूळ कल्पना अशी की मृत्यू तुमच्या सगळ्यांत आवडत्या आठवणीच्या रूपात येतो. या रुग्णाची आवडती आठवण म्हणजे लहानपणी वडिलांनी शहरात नेऊन दाखवलेली वाजंत्रीची मिरवणूक. म्हणून पियानोमागे येतो तो स्नेअर ड्रम, मिरवणुकीच्या ठेक्यात, लांबून आल्यासारखा. त्याबरोबर आवाज, दुसरा आवाज, मग बँडचा गिटारवादक रे टोरो याच्या गिटारचे एकमेकांवर रचलेले पदर. क्वीनचे गिटारवादक ब्रायन मे जसे एकाच गिटारचे चार-पाच आवाज रचून त्याचा वाद्यमेळ करायचे, अगदी त्या पद्धतीचे. हा सगळा भाग संथ, भव्य, थोडासा सरकारी संचलनासारखा आहे.

आणि मग दीड-पावणेदोन मिनिटांनी बँड सरळ पंक वाजवायला लागतो. तोडून, दुप्पट वेगात. पहिल्यांदा ऐकताना वाटतं की दोन गाणी चिकटवली आहेत. नीट ऐकलं की कळतं, खालची सुरावट तीच आहे. मिरवणुकीतले लोक पळायला लागलेत एवढंच. संथ भागात जे दुःख होतं त्याचाच इथे हट्ट झाला. पुढे पुन्हा वेग उतरतो, गाणं जवळजवळ थांबतं, आणि शेवटच्या पालुपदाला पट्टी एका पूर्ण स्वराने वर जाते, पांढरी पाचवरून पांढरी सहावर. पट्टी वर नेणं ही पॉपमधली सगळ्यांत स्वस्त युक्ती. माझ्याकडे येणारे निम्मे बँड शेवटच्या अंतऱ्याला काही सुचलं नाही की तेच करतात. इथे ती पटते, कारण आधीचं पूर्ण गाणं ती जागा मोकळी ठेवत आलेलं असतं. शेवटी सगळे गळून पडतात आणि पुन्हा तो एकटा स्नेअर उरतो. मिरवणूक पुढे निघून गेली.

पाच मिनिटांत हे सगळं, आणि रेडिओवर वाजण्यासारखं. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २००६मध्ये ते पहिल्या क्रमांकावर होतं.

यामागची मेहनत कुठे दिसते ते सांगतो. २०१६मध्ये, अल्बमला दहा वर्षं झाली तेव्हा, त्यांनी कच्ची रेकॉर्डिंग्ज बाहेर काढली. त्यात ‘द फाइव्ह ऑफ अस आर डाइंग’ नावाचं एक गाणं आहे. तेच हे, फक्त शब्द वेगळे, पालुपद वेगळं. ते वाईट नाही. चांगलं, जोरकस, विसरून जाण्यासारखं रॉक गाणं आहे. त्यात मिरवणूक नाही, वडील नाहीत, तो पियानोचा सूर नाही. या दोन आवृत्त्या मी विद्यार्थ्यांना शेजारी-शेजारी ऐकवतो, कारण गाणं ‘सुचतं’ या समजुतीवर त्याच्याइतका चांगला उतारा माझ्याकडे दुसरा नाही. हाताशी असलेलं एक बरं गाणं मोडून, त्याचा सांगाडा तेवढा ठेवून, अल्बमच्या कथेला जे हवं ते त्यात भरायचं. हे करायला धीर लागतो, आणि समोर रॉब कॅव्हॅलोसारखा निर्माता लागतो. कॅव्हॅलो म्हणजे ज्यांनी ग्रीन डेचे ‘डूकी’ आणि ‘अमेरिकन इडियट’ केले ते.

‘कॅन्सर’ हे दुसरं गाणं. अडीच मिनिटांच्या आतलं. गिटारांची भिंत नाही, पियानो आणि आवाज पुढे. शब्दांत कुठेही तत्त्वज्ञान नाही. ओठ सुकलेत, पाणी द्या, अशा रुग्णाच्या खाटेजवळच्या मागण्या आहेत. जिथे जेरार्डला ओरडता आलं असतं तिथे तो ओरडत नाही. ज्या बँडवर ‘सगळं अति करतात’ असा आरोप आहे त्यांनी अल्बमच्या सगळ्यांत भयंकर जागी हात आखडता घेतला, हे मला महत्त्वाचं वाटतं. आणि त्याच्या लगेच पुढे ‘मामा’ ठेवलंय, जे मुद्दाम अति आहे: युद्धावरून आईला हाका मारणारा मुलगा, जुन्या युरोपियन कॅबरेसारखा ठेका, आणि आईच्या आवाजात लायझा मिनेली! ‘कॅबरे’ चित्रपटासाठी ऑस्कर मिळालेल्या बाईंना न्यू जर्सीच्या पंक पोरांनी बोलवावं आणि त्यांनी यावं, यातच या बँडची नजर कुठे होती ते कळतं. एका रुग्णशय्येनंतर लगेच हा तमाशा ऐकताना आधी हसू येतं, मग हसल्याचं जरा वाईट वाटतं. हा क्रम चुकून लागलेला नाही.

तुमचा खरा आक्षेप, मला वाटतं, इथेच आहे: हे सगळं नाटकी आहे. गणवेश, पांढरे केलेले केस, काजळ. नाटकी आहेच. गणवेश कॉलीन ॲटवूड या हॉलिवूडच्या नामांकित वेशभूषाकार बाईंनी केले होते, आणि दौऱ्यावर हे लोक स्वतःला ‘द ब्लॅक परेड’ म्हणवून, वेगळाच बँड असल्यासारखे मंचावर यायचे. ऑक्टोबर २००७मध्ये मेक्सिको सिटीत त्यांनी त्या सोंगाचा रीतसर शेवट केला. आता रॉकच्या समीक्षेत खरेपणाला फार भाव. माणूस मंचावर स्वतःच असला पाहिजे, जीन्समध्ये, घामेजलेला. त्या मापाने मोजलं तर हा बँड नापासच होणार. पण आपण मराठी लोकांनी तरी हे माप मुकाट्याने का घ्यावं? बालगंधर्व शालू नेसून गायला उभे राहायचे तेव्हा ‘हे खोटं आहे’ म्हणून प्रेक्षक उठून गेले नाहीत. सोंगातून खरं बोलता येतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

शिवाय तुमच्याच आवडत्या लोकांचं काय झालं होतं ते आठवा. लेड झेपलिनच्या पहिल्या अल्बमला ‘रोलिंग स्टोन’ने १९६९मध्ये झोडपलं होतं. क्वीनच्या ‘जॅझ’वर १९७९मध्ये त्याच मासिकात आलेल्या परीक्षणाने तर त्यांना फॅसिस्ट म्हणण्यापर्यंत मजल मारली. आज ती परीक्षणं लोक गमतीने वाचतात. म्हणून शिव्या खाल्लेला प्रत्येक बँड थोर ठरत नाही, नाही तर काय अनर्थ होईल! पण ‘भपकेबाज, पोरांसाठीचं, खोटं’ हा आरोप क्वीनवर आणि यांच्यावर जवळजवळ त्याच शब्दांत झाला. २०११मध्ये रेडिंगच्याच मंचावर ब्रायन मे स्वतः येऊन या बँडबरोबर वाजवून गेले. त्यांना नातं दिसलं असावं.

सोंगाच्या मागे काय होतं तेही पाहा. बँड सुरू झाला २००१मध्ये. ११ सप्टेंबरला न्यूयॉर्कचे मनोरे पडताना जेरार्डने पाहिले, आणि कार्टूनच्या धंद्यात उमेदवारी करण्यापेक्षा दुसरं काहीतरी केलं पाहिजे असं त्याने ठरवलं. त्यांचं पहिलं गाणं त्या दिवसाबद्दलच आहे. दुसऱ्या अल्बमवरचं ‘हेलेना’ त्याच्या आणि त्याचा भाऊ मायकी याच्या आजीवर आहे. जेरार्डला गायला, चित्र काढायला लावलं ते तिने. ‘द ब्लॅक परेड’ची तयारी चालू असताना मायकी नैराश्याने इतका खचला की लॉस एंजलिसमधल्या ज्या जुन्या हवेलीत ते राहून काम करत होते तिथून त्याला बाहेर पडून उपचार घ्यावे लागले. अल्बमचा शेवट करणारं ‘फेमस लास्ट वर्ड्स’ त्या दिवसांतून आलं. हे माहीत नसतानाही गाणं उभं राहतं, म्हणून ते सांगायला हरकत नाही. चरित्राच्या कुबड्या लागत असत्या तर मी सांगितलं नसतं.

आता खोट काढतो, कारण ती काढली नाही तर मी पण चाहत्यांच्याच रांगेतला.

पहिली तक्रार ध्वनिमुद्रणाची. मिक्सिंग क्रिस लॉर्ड-ॲल्जी यांचं आहे, आणि त्या काळच्या अमेरिकन रॉकचं सगळं बरं-वाईट त्यात आहे. प्रत्येक वाद्य पुढे, प्रत्येक वाद्य मोठं. कॉम्प्रेशन इतकं की हळू आणि जोरात यांतलं अंतर फार थोडं उरतं. ज्या अल्बमचं सगळं नाट्य संथ आणि वेगवान, एकटं आणि सामूहिक यांच्या फरकावर उभं आहे, त्यात हे खटकतं. ‘द वॉल’ घरी लावलात तर कुठे कुठे आवाज वाढवायला उठावं लागतं. इथे सलग पन्नास मिनिटं कान दाबलेले राहतात. २००६मध्ये गाडीत, स्वस्त इअरफोनवर आणि रेडिओवर ऐकलं जाणार होतं, म्हणून असं केलं हे समजतं. तरी नुकसान व्हायचं ते झालं.

दुसरी तक्रार कथेची. रुग्णाची गोष्ट पहिल्या पाच गाण्यांत घट्ट आहे, मग सैल होते. ‘टीनेजर्स’ हे गाणं घ्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोत शाळकरी पोरांच्या गराड्यात सापडल्यावर आपण म्हातारे झालो, आणि आपल्याला या पोरांची भीती वाटतेय, असं जेरार्डला जाणवलं. त्यातून ते सुचलं. तीन कॉर्डचं, टी. रेक्स या जुन्या रॉक बँडच्या वळणाचं, झकास गाणं. त्याचा रुग्णाशी काय संबंध? काही नाही. ‘हाउस ऑफ वुल्व्ह्ज’ मला आजही भरताड वाटतं. ‘द वॉल’मध्येही भरताड आहे हे खरं, पण तिथे भिंत तरी सगळीकडे आहे.

तिसरी शब्दांची. जेरार्ड दृश्यात विचार करतो, वाक्यात नाही. चित्र उभं करायचं असेल तेव्हा तो चांगला लिहितो. मनातली भावना सरळ सांगायची वेळ आली की शाळेच्या वहीच्या शेवटच्या पानावरचं लिहितो. ‘आय डोन्ट लव्ह यू’ची चाल उत्तम आहे, शब्द वाचायला घेऊ नका.

आणि एक जुनी, या सगळ्या प्रकाराला लागू पडणारी तक्रार. २००३मध्ये ‘पंक प्लॅनेट’ या नियतकालिकात जेसिका हॉपर यांनी एक निबंध लिहिला: इमोच्या गाण्यांत मुली फक्त दगा देणाऱ्या म्हणून येतात, त्यांना नाव नाही, बोलणं नाही. अगदी नेमकं बोट ठेवलं होतं. या बँडचे पहिले दोन अल्बम त्यातून पूर्ण सुटत नाहीत. मेलेल्या प्रेयसी, रक्त, सूड यांचा भरणा आहे. ‘द ब्लॅक परेड’ बऱ्यापैकी सुटतो, कारण त्याचा विषयच प्रेमभंग नाही. मरण, आई, युद्ध, बाप. माझ्या मते समकालीन बँड्सपासून त्यांना वेगळं काढणारी गोष्ट हीच आहे. बाकीचे ‘ती मला सोडून गेली’ यावर चौथा अल्बम करत होते तेव्हा हे ‘मी सगळ्यांना सोडून चाललोय’ या जागी जाऊन उभे राहिले.

बाकीच्या अल्बमांबद्दल थोडक्यात. २००२चा पहिला अल्बम थर्सडे बँडच्या जेफ रिकलीने केलेला, कच्चा, अस्ताव्यस्त. त्यात ऊर्मी आहे, आवाज अजून सापडायचाय. २००४चा ‘थ्री चिअर्स फॉर स्वीट रिव्हेंज’ हा गाणं-गाणं सुटं काढलं तर कदाचित जास्त मजेदार. हजार दुष्ट आत्मे आणून दिले की प्रेयसी परत मिळेल अशी त्याची कथा आहे, ती कुणाला आठवत नाही आणि आठवायची गरजही नाही. ‘हेलेना’ आणि ‘आय अ‍ॅम नॉट ओके’ ऐका. २०१०च्या ‘डेंजर डेज’वर पुढे येतो. २०१३मध्ये बँड मोडला, २०१९च्या डिसेंबरमध्ये लॉस एंजलिसला पुन्हा उभा राहिला, आणि २०२२मध्ये ‘द फाउंडेशन्स ऑफ डीके’ हे सहा मिनिटांचं, जडशीळ, म्हातारपणाकडे बघणारं एक गाणं घेऊन आला. ते गाणं फार चांगलं आहे.

आणि एक: या एका अल्बमच्या जोरावर सगळ्या पिढीला पास करू नका. फॉल आउट बॉयकडे चालीची जबरदस्त हुशारी आहे, पण अल्बम म्हणून उभं राहील असं मला फार थोडं सापडतं. पॅरामोर उलट दिशेने गेले. सुरुवात साधी, आणि वाढत वाढत २०२३च्या ‘धिस इज व्हाय’पर्यंत, ज्याला उत्कृष्ट रॉक अल्बमचं ग्रॅमी मिळालं. गायिका हेली विल्यम्सचा गळा त्या सगळ्या मंडळींत सगळ्यांत तयार. ‘या प्रकारातून निघून पुढे काय करता येतं’ असा प्रश्न कुणी विचारला असता तर मी तिचं नाव घेतलं असतं.

‘द वॉल’च्या पंगतीला बसवायचं का? एक पाट खाली बसवा. ‘द वॉल’चा आवाका मोठा आहे आणि ध्वनीचं काम कितीतरी वरचं. पण ‘द वॉल’ हा आपल्याच दुःखावर खूश असलेल्या श्रीमंत माणसाचा अल्बमही आहे, हे मी फ्लॉइडचा भक्त असून सांगतो. त्यात विनोद जवळजवळ नाही. ‘द ब्लॅक परेड’मध्ये मरणाऱ्या माणसाची थट्टा करणारं ‘डेड!’ दुसऱ्याच क्रमांकावर आहे, शेवटी ‘ला ला’ करत संपतं, आणि सगळं संपून बराच वेळ शांतता गेल्यावर ‘ब्लड’ नावाचं एक लपवलेलं गाणं येतं, जुन्या नाटक मंडळीतल्या विदूषकाने गावं तसं. शोकान्त संपल्यावर हे करायची छाती ‘द वॉल’ लिहिणाऱ्या रॉजर वॉटर्सकडे नव्हती.

ऐकायचं कसं ते सांगतो, कारण बहुतेक लोक चुकीच्या टोकाने सुरुवात करतात. यूट्यूबवर गाजलेली तीन गाणी लावू नका. सुरुवातीच्या ‘दि एन्ड’पासून, जिथे रुग्णालयातल्या यंत्राचा बीप ऐकू येतो तिथून, ‘वेलकम टु द ब्लॅक परेड’पर्यंतची पाच गाणी सलग ऐका, पहिल्या दोन गाण्यांमध्ये जोड कुठे येतो ते सापडतंय का पाहा. मग उडी मारून ‘कॅन्सर’ आणि ‘मामा’, आणि शेवटी ‘फेमस लास्ट वर्ड्स’. तेवढ्याने पटलं नाही तर उरलेल्याने पटणार नाही, सोडून द्या. पटलं तर २०१६च्या आवृत्तीतलं ते कच्चं गाणं शोधून लावा.

मेहुण्याशी वाद घालायचाच असेल तर ‘डेंजर डेज’वर घाला. रंगीत कपडे, लेझर बंदुका, भविष्यातला कॅलिफोर्निया, आणि मागच्या अल्बमपासून पळ काढण्याची धडपड. चाहते त्यालाही उत्कृष्ट म्हणतात. तिथे तुमची बाजू भक्कम आहे.